रोज कुकीज उडवूनही त्याच जाहिराती परत का येतात?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरात एकच लॅपटॉप, चौघं वापरतात. रोज रात्री क्रोममधल्या कुकीज उडवता, तरी दुसऱ्या दिवशी त्याच जाहिराती हजर, आणि आता बहिणीनं काय शोधलं ते बाबांनाही दिसायला लागलंय. मी कोल्हापुरात राजारामपुरीत लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. या तक्रारीचे बरेच लोक व्हायरस शिरला असं समजून येतात. बहुतेक वेळा व्हायरस नसतोच.

कुकी म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद. ती मुळात वाईट नाही. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी ती काढली, ती साइटला आपली ओळख लक्षात राहावी म्हणून. बँकेत लॉगिन टिकतं ते तिच्यामुळेच. त्रास आहे तो थर्ड-पार्टी कुकीचा, म्हणजे उघडलेल्या साइटची नसून तिसऱ्याच कंपनीची असलेल्या कुकीचा. समजा तुम्ही गुजरीतल्या एखाद्या सराफाच्या साइटवर कोल्हापुरी साज बघितला. त्या पानावर जाहिरात कंपनीचा डोळ्यांना न दिसणारा कोड असतो, तो तुमच्या ब्राउझरमध्ये स्वतःचा एक नंबर ठेवून जातो. नंतर बातम्या वाचायला वेगळीच साइट उघडली, तरी तिथं त्याच कंपनीचा कोड असतो. हा कोड तो नंबर वाचतो आणि साज पुन्हा समोर येतो. साजाचं एक वेळ चालेल. पण बाळंतपण, मनाचा आजार, कर्ज यांबद्दल काही शोधलं तरी हेच होतं. घरात अजून कुणाला न सांगितलेली गोष्ट जाहिरातीनं उघडी पाडावी, हे मला अजिबात मान्य नाही. त्यामुळं हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

आता उडवूनही परत का येतात ते सांगतो. उसातली हराळी वरनं कापली तर मूळ खाली राहतं, तसंच हे आहे. तोच नंबर कुकीशिवाय इतर ठिकाणीही लपवता येतो. सॅमी कामकर या तज्ज्ञानं 2010 मध्ये एव्हरकुकी नावाचा कोड लिहून हा धोका जगाला दाखवला. साधी कुकी, फ्लॅशचा (व्हिडिओ आणि गेम चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचा) साठा, ब्राउझरचं लोकल स्टोरेज, साठवलेली चित्रं अशा अनेक जागी एकच नंबर ठेवायचा; त्यातली एक जागा जरी पुसायची राहिली, तरी तिच्यावरून बाकीच्या सगळ्या पुन्हा भरायच्या. सगळ्यात बेरकी प्रकार ई-टॅगचा. चित्र पुन्हा पुन्हा डाउनलोड करावं लागू नये म्हणून सर्व्हर त्याला एक खूण देतो, आणि पुढच्या वेळी ब्राउझर ती खूण दाखवून विचारतो, 'चित्र बदललंय का?' ही खूण प्रत्येक माणसाला वेगळी दिली, की झाली तुमची ओळख. कुकीचं नावही नाही.

यातल्या काही वाटा आता बंद झाल्यात. फ्लॅश 2020 च्या शेवटी संपलं. ॲपलच्या सफारी ब्राउझरनं त्याच वर्षी थर्ड-पार्टी कुकीज पूर्ण अडवल्या. फायरफॉक्सनं जानेवारी 2021 पासून साठवलेली चित्रं आणि फाइली साइटनिहाय वेगळ्या ठेवायला सुरुवात केली आणि 2022 पासून कुकीजनाही तोच नियम लावला, त्यामुळं एका साइटवर ठेवलेला नंबर दुसऱ्या साइटवर वाचताच येत नाही. क्रोमनं मात्र 2020 मध्ये या कुकीज काढून टाकण्याचं जाहीर केलं आणि 2024 मध्ये माघार घेतली. म्हणजे क्रोम वापरत असाल तर ते काम तुम्हालाच करायचंय.

माझा स्पष्ट सल्ला: घरच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाका. ते पाळत ठेवणारा कोड पानावर येण्याआधीच अडवतं, त्यामुळं पुसायला फारसं काही उरत नाही. क्रोमच सोडायचं नसेल तर सेटिंग्जमध्ये थर्ड-पार्टी कुकीज ब्लॉक करा आणि यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्या. मूळ यूब्लॉक क्रोमनं बंद केलंय. क्रम चुकवू नका. आधी हे अडसर लावा, मग सगळे टॅब बंद करा, आणि शेवटी पुसा. पुसताना वेळ 'ऑल टाइम' ठेवा, कुकीजबरोबर कॅशवरही (साठवलेली चित्रं आणि फाइली) खूण करा. आधी पुसून त्याच पानावर बसून राहिलात, तर ते पान पुन्हा नंबर लिहून ठेवणार.

चौघांसाठी ब्राउझरमध्ये चार प्रोफाइल करा, त्याला पैसे लागत नाहीत. प्रत्येकाच्या कुकीज वेगळ्या राहतील. पण प्रोफाइलला पासवर्ड नसतो, त्यामुळं खरा आडपडदा हवा असेल तर विंडोजमध्येच चौघांची वेगळी खाती काढा.

इन्कॉग्निटोवर, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीवर, फार विसंबू नका. खिडकी बंद केल्यावर त्यातली हिस्टरी आणि कुकीज ब्राउझरमध्ये उरत नाहीत, पण साइटला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा नंबर, दिसतोच. आणि कुठल्याही खात्यात लॉगिन असाल, तर त्या कंपनीला पाळतीसाठी वेगळ्या कुकीची गरजच नाही. तुमचं नाव तिच्याकडं आहेच. गूगलच्या खात्यात जाहिरातींचं वैयक्तिकीकरण बंद करता येतं, ते करून टाका. पडद्याचा आकार, फॉन्ट, टाइमझोन अशा बारीकसारीक गोष्टी जुळवून ओळख पटवायचीही एक पद्धत आहे, फिंगरप्रिंटिंग. ती पुसता येत नाही. फायरफॉक्सची 'स्ट्रिक्ट' सेटिंग तिला बरीचशी आवरते.

फोनवरच्या ॲप्सना कुकीपेक्षा ॲडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला नंबर, जास्त उपयोगी पडतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'ॲड्स' शोधून तो डिलीट करा.

एवढं केल्यावर एखाद वेळी पैसे भरायचं पान किंवा सरकारी फॉर्म अडकेल. तेव्हा सगळं बंद करू नका. ॲड्रेस बारजवळच्या चिन्हावरून फक्त त्या साइटपुरती सूट द्या आणि काम झालं की काढून घ्या.