मुलं आवडतात, एवढ्यावर प्रवेश घेऊ नकोस

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज सावकाश वाचला. बारावी सायन्स झालं, नीटचे मार्क पुरले नाहीत आणि आता होम सायन्समधला मानव विकास हा विषय घ्यावा असं तुझ्या मनात आहे. घरचे विचारताहेत, "मुलं सांभाळायला डिग्री कशाला?" यावरून त्यांच्याशी भांडू नकोस. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तुझं तुला देता आलं, तरच फॉर्म भर.

तू कारण लिहिलंयस की तुला लहान मुलं फार आवडतात. हे कारण पहिल्या सेमिस्टरपर्यंत पुरतं. मग हातात नोंदवही येते आणि बालवाडीच्या कोपऱ्यात अर्धा तास गप्प बसायला सांगतात. मुलांशी बोलायचं नाही, कुणाला मांडीवर घ्यायचं नाही, फक्त दिसेल ते लिहायचं. नवी मुलगी हमखास लिहिते, "मुलगा हट्टी आहे." त्यावर लाल रेघ येते, कारण हट्ट डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते असं: शेजारच्या मुलीने निळा ठोकळा घेतला, याने दोनदा हात पुढे केला, तिने पाठ फिरवली, याने स्वतःचा मनोरा पाडला आणि ताईंकडे पाहिलं. आता सांग, हा हट्ट, राग, की मदतीची हाक? तीन वर्षांत तू जे शिकशील त्यातलं निम्मं या दोन नोंदींमधल्या फरकात आहे. मुलं आवडणाऱ्या माणसाला हे जड जातं. त्याला लगेच उठून ठोकळा परत मिळवून द्यायचा असतो.

बाकी अभ्यासक्रम सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच: गर्भावस्थेपासून म्हातारपणापर्यंतचा विकास, पोषण, कुटुंब, बालशिक्षण, विशेष गरजा असलेली मुलं, संशोधन पद्धती. संख्याशास्त्र येतं, रडू नकोस, सायन्सची मुलगी आहेस.

सिद्धांत शिकशील तेव्हा पियाजे पहिल्या महिन्यातच भेटेल. स्वित्झर्लंडमधल्या या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांना तासन् तास न्याहाळून केवढं काम उभं केलं! त्याचा पाण्याचा प्रयोग तू घरीही करू शकतेस. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं, मुलाकडून ते सारखं आहे असं कबूल करून घ्यायचं, मग एका पेल्यातलं पाणी उंच अरुंद पेल्यात ओतून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. चार-पाच वर्षांचं मूल म्हणतं, उंच पेल्यात जास्त. परीक्षेत हे लिहून मार्क मिळतात. पण १९७४ मध्ये रोज आणि ब्लँक या संशोधकांनी अशाच, पण वस्तूंच्या रांगांच्या प्रयोगात प्रश्न दोनदा न विचारता फक्त मांडणी बदलल्यानंतर एकदाच विचारून पाहिला आणि मुलांच्या चुका कमी झाल्या. आपल्या वर्गांत बसलेल्या कुणालाही हे पटेल. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, याचा अर्थ आधीचं उत्तर चुकलं, बदला! तेव्हा त्या चुकीत मुलाची समज किती आणि मोठ्या माणसाचा धाक किती, हे वेगळं काढायला तुला शिकायचं आहे. पियाजे यामुळे खोटा ठरत नाही. त्याला वाचायची पद्धत मात्र बदलते.

दुसरं उदाहरण घरातलं. आजी सांगते, "हा रांगलाच नाही, एकदम उभा राहिला," आणि आई मोबाइलवर तक्ता पाहून घाबरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासह पाच देशांतली बाळं होती. आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय त्यात सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं आहे आणि शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. म्हणजे आजी बरोबर. पण साडेसतरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, तर "आमच्याकडे सगळे उशिराच चालतात" म्हणणाऱ्या आजीला हळूच बाजूला करून तपासणीला पाठवायचं, हेही तुलाच कळायला हवं. धीर कुठे द्यायचा आणि घाई कुठे करायची, याचं शास्त्र म्हण हवं तर. परदेशी मापांवर अवलंबून न राहता आपल्या बाळांची मापं घ्यायचं काम बडोद्यात प्रमिला फाटक यांनी केलं. अमेरिकेतल्या नॅन्सी बेली यांच्या बाळांच्या विकास-चाचणीच्या आधाराने तयार झालेली त्यांची विकास-मापनश्रेणी आजही नवजात शिशू विभागातून घरी गेलेल्या बाळांच्या पाठपुराव्यात वापरतात.

आणि पालघर जिल्ह्यातलं, आदिवासी भागातलं कोसबाड. याबद्दल मी जरा जास्त बोलते, माझे विद्यार्थी यावर हसायचे. ताराबाई मोडक गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करत होत्या. मुलाने साधनं हाताळत स्वतः शिकायची मोंटेसरींची पद्धत त्यांना मनापासून पटली होती, पण ती महागडी साधनं खेड्यात आणणार कोण? १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, तिथे अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. वारली मुलं शाळेत येत नव्हती, तर शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. मोठी मुलं गुरांमागे जायची, तर कुरणात शाळा भरवली. या निर्णयांत बालविकासाचा अख्खा अभ्यासक्रम आहे असं मला वाटतं. मूल गैरहजर असेल तर आधी त्याचा दिवस कसा जातो ते पाहा, मग त्याला नावं ठेवा. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तिच्या केंद्राचं नावही अंगणवाडीच. आज बीडहून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं चार वर्षांचं मूल हंगामभर कोणत्या अंगणवाडीच्या पटावर असतं, हा प्रश्न ताराबाईंच्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे. तुला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर हा घे.

बालपण किती वर्षांचं, हेही समाज ठरवत आला आहे. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं; १८९१ चा संमतिवयाचा कायदा मुलीच्या शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करत होता, तर त्यावर पुण्यात केवढं रण माजलं. आज शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा धरतो, बाल न्याय कायदा अठरापर्यंत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, पण तीन ते सहाच्या मुलाला शिक्षणाचा तसा कायदेशीर हक्क नाही. वर्गात कुणी "मुलांचं मानसशास्त्र सगळीकडे सारखंच" म्हणालं, तर हे आठव.

आता बाबांच्या "डिग्री कशाला?" या प्रश्नाकडे. नुसत्या पदवीवर मिळणारं पहिलं काम बहुधा प्ले ग्रुपचं किंवा एखाद्या संस्थेच्या प्रकल्पाचं असेल आणि पगार पाहून बाबा चष्मा काढून ठेवतील. हे त्यांना आधीच सांग. ही पदवी म्हणजे समुपदेशनाचा परवाना नव्हे. विशेष शिक्षक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर त्यासाठीचं वेगळं मान्यताप्राप्त शिक्षण आणि नोंदणी लागते. शाळेत शिक्षिका व्हायचं तर डीएलएड किंवा बीएड. बाल संरक्षणात जायचं तर पुढे एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, उपयोगी पडते. मुख्यसेविका (अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका), बालविकास प्रकल्प अधिकारी या सरकारी वाटा आहेत; पात्रता मात्र जाहिरातीतूनच वाचायची, मैत्रिणीच्या स्टेटसवरून नाही. माझं मत विचारशील तर पदवीवर थांबू नकोस. एमएस्सीची तयारी आणि खर्च आत्ताच धरून चाल, नाहीतर बीएस्सी नर्सिंगचा आईचा आग्रह मानलेला बरा. नर्सिंगमधून बालआरोग्याकडे येणारी वाट कमी प्रतीची नाही.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नकोस. बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ, मुंबईत एसएनडीटी आणि निर्मला निकेतन, दिल्लीचं लेडी इर्विन कॉलेज ही जुनी ठिकाणं. कुठेही गेलीस तरी दोनच गोष्टी विचार: कॉलेजची स्वतःची बालवाडी आहे का (बडोद्यात चेतन बालवाडी आहे), आणि प्रात्यक्षिकाचे तास प्रत्यक्षात होतात की जर्नल एकमेकींचं उतरवतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्राध्यापकांकडून मिळणार नाही, तिसऱ्या वर्षाच्या मुलींना कँटीनमध्ये गाठ.

फॉर्मची मुदत संपायच्या आत गावातल्या अंगणवाडीत जा. सेविकेची आणि मुख्यसेविकेची परवानगी घेऊन एका बाजूला बस. सेविका ताईंचं वजन-उंचीचं मोजमाप, मोबाइलवरच्या नोंदी, आहार, गृहभेटी हे सगळं चालू असेल, तेव्हा मध्ये मध्ये प्रश्न विचारू नकोस. मदतनीस मावशी भांडी आवरताना जास्त सांगतील. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, वहीत खरी नावं लिहायची नाहीत. रोज एकच मूल, वीस मिनिटं. कंटाळा आला तर तेही वेळेसकट लिही. मला त्यावरूनच जास्त कळेल.

पाच-सहा नोंदी झाल्या की पाठव. टाइप करत बसू नकोस, वहीच्या पानांचे फोटो चालतील. आणि बाबांना माझा नंबर दे. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते.

तुझी,
मॅडम