एका पेल्यापुरता ब्लेंडर

न्याहारीची स्मूदी करण्यासाठी छोटा ब्लेंडर कसा निवडावा, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. कोणत्याही कंपनीची शिफारस केलेली नाही, कारण दुकानातली मॉडेल वर्षभरात बदलतात आणि आज सुचवलेले यंत्र पुढच्या दिवाळीला मिळेलच असे नाही.

प्रश्न : आम्ही घरात दोघेच आहोत. ७५० वॅटचा मिक्सर आहे, परंतु स्मूदी करताना फळांचे तुकडे तसेच राहतात आणि निम्मे मिश्रण भांड्याच्या कडांना चिकटून बसते. वेगळा ब्लेंडर घ्यावा का? (डोंबिवली)

आपण मिक्सरचे सर्वांत मोठे, म्हणजे दीड लिटरचे भांडे वापरत असावात, असा माझा अंदाज आहे. त्या भांड्यात दोन पेल्यांचे साहित्य घातले की पाती जेमतेम बुडतात, पहिल्याच झटक्याला सारे मिश्रण कडेला फेकले जाते आणि पात्यांभोवती हवेची पोकळी तयार होते. मोटर जोरात फिरत असते, पण पात्यांच्या वाट्याला फळ येतच नाही. नवीन खरेदी करण्यापूर्वी त्याच मिक्सरचे मधले, साधारण एक लिटरचे भांडे वापरून पाहावे. आधी दूध किंवा ताक, त्यावर मऊ फळे आणि सर्वांत वर कडक किंवा गोठवलेले तुकडे असा क्रम ठेवून, सुरुवातीला दोन-तीन वेळा थांबत थांबत आणि मग सलग अर्धा मिनिट फिरवले, तर बहुतेक घरांतली तक्रार एवढ्यावरच मिटते. चटणीचे भांडे मात्र या कामाला घेऊ नये. ते आकाराने योग्य वाटले, तरी निम्म्याहून अधिक पातळ पदार्थ घातला की झाकणाच्या कडेने दूध बाहेर येते आणि ते खाली मोटरीपर्यंत पोहोचते.

आपल्याकडचा मिक्सर मुळात वाटणासाठी घडलेला आहे. परदेशी बनावटीची यंत्रे भारतीय वाटणापुढे टिकत नाहीत हे पाहून सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर तयार केला, तेव्हापासून सुके खोबरे, भिजवलेली डाळ आणि हळकुंडे पेलणारी मोटर ही आपल्या मिक्सरची ओळख झाली. स्मूदीला एवढी ताकद लागत नाही. तिला लागते ते अरुंद भांडे. म्हणून वेगळ्या ब्लेंडरचा विचार दोनच परिस्थितींत करावा, असे मला वाटते : रोज एकाच माणसापुरते करायचे असेल आणि त्याच पेल्यातून पिऊन बाहेर पडायचे असेल तेव्हा, किंवा सकाळच्या त्याच वेळेला मिक्सर डब्याच्या वाटणात गुंतलेला असेल तेव्हा. केवळ लसणीच्या वासाचा त्रास असेल, तर त्याच कंपनीचे एक जादा भांडे घेऊन ते फळांसाठी राखून ठेवणे बरेच स्वस्त पडते. वास स्टीलला फारसा धरत नाही, तो झाकणाच्या रबरात मुरतो.

प्रश्न : दुकानात ३०० वॅटपासून १००० वॅटपर्यंतचे छोटे ब्लेंडर दाखवतात. जास्त वॅटचा घेतला तर वीजबिल वाढेल का, आणि गोठवलेली केळी कितीच्या यंत्रात चालतील? (जळगाव)

आधी बिलाची चिंता दूर करू. ४०० वॅटचे यंत्र रोज एक मिनिट चालवले, तर महिन्याभरात सुमारे ०.२ युनिट वीज खर्च होते. या यंत्राच्या बाबतीत वीजबचतीचा विचार सोडून दिला तरी चालेल.

वॅटचा आकडा यंत्र किती वीज ओढते ते सांगतो. त्यातली किती शक्ती फळापर्यंत पोहोचते, हे भांड्याचा आकार, पात्यांची ठेवण आणि मोटरीचा दर्जा यांवर अवलंबून असते. शिवाय खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा कधी कधी ‘पीक’, म्हणजे मोटर क्षणभर जास्तीत जास्त किती ओढू शकते त्याचा असतो. खरा आकडा यंत्राच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर वाचावा. त्याच पट्टीवर किंवा माहितीपत्रकात यंत्र सलग किती वेळ चालवावे आणि मग किती वेळ थांबावे हेही दिलेले असते. बहुतेक छोट्या ब्लेंडरांना सलग एक मिनिटाच्या आसपासची मर्यादा असते, आणि ती गांभीर्याने घ्यावी.

पिकलेले केळे, पपई, चिकू, दही, भिजवलेले ओट्स आणि रात्रभर भिजवून सोललेले बदाम एवढ्यापुरते ३०० वॅट पुरेसे असतात. गोठवलेली फळे किंवा बर्फ रोज लागणार असेल, तर ४५० ते ६०० वॅटांच्या दरम्यानचे यंत्र घ्यावे. त्यापुढचे वॅट एका पेल्याच्या कामात वाया जातात, आणि यंत्र जड व गोंगाटी होते ते वेगळेच. भांडे खाली निमुळते असावे आणि त्याच्या आतल्या भिंतीवर उभ्या कडा असाव्यात. गुळगुळीत गोल भांड्यात मिश्रण पात्यांबरोबर नुसते गरगरत राहते. त्या कडांवर आपटून ते पुन्हा मध्यभागी वळते आणि पात्यांखाली येते. पाती चार असोत वा सहा, त्यांतली काही वर आणि काही खाली वळलेली आहेत ना, एवढे पाहावे.

आपण जळगावचे आहात, म्हणजे केळ्यांची वाण नाही. केळी सालीसकट गोठवू नयेत. सोलून बोटाच्या एका पेराएवढ्या चकत्या कराव्यात, ताटात सुट्या पसरून गोठवाव्यात आणि मग डब्यात भराव्यात. अशा चकत्या पाच मिनिटे बाहेर ठेवून घातल्या, तर ३५० वॅटचे यंत्रही त्या पेलते आणि बर्फ घालावाच लागत नाही. अख्खे गोठलेले केळे घातले, तर पाती अडकतात, मोटर तापते आणि यंत्र आपोआप बंद पडते. तसे झाले तर प्लग काढून ते दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावे. काही यंत्रांच्या तळाशी लाल बटण असते, ते दाबल्याशिवाय यंत्र पुन्हा सुरू होत नाही. यंत्र बिघडले असे समजून ते दुरुस्तीला नेणारे बरेच जण असतात.

प्रश्न : मी वसतिगृहात राहतो. चार्जिंगची बाटली-ब्लेंडर घ्यावी का? (पुणे)

खोलीत विजेची उपकरणे वापरण्यास मनाई असेल आणि आपले साहित्य मऊ असेल, तरच घ्यावी. तिच्यात पॉवर बँकेसारखीच लिथियम बॅटरी असते. ४००० मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट असे लिहिले असेल, तर तिच्यात सुमारे १५ वॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे १०० वॅट ओढणारी मोटर हिशेबाने नऊ मिनिटांच्या आसपास चालेल, प्रत्यक्षात त्याहून कमी. केळे, दूध आणि प्रथिनांची भुकटी यांसाठी हे पुरे आहे. सुके खजूर, कच्चे गाजर किंवा बर्फ यांसाठी मुळीच नाही.

सुरक्षिततेकडे दुर्लक्ष करू नये. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ‘ब्लेंडजेट २’ या बाटली-ब्लेंडरचे सुमारे ४८ लाख नग परत मागवल्याची घोषणा केली, आणि त्याची कारणे दोन होती : यंत्र तापून पेट घेण्याचा धोका आणि पाते तुटून निघण्याचा धोका. त्यामुळे निनावी बनावटीची स्वस्त बाटली घेऊ नये, उशीजवळ किंवा रात्रभर चार्जिंगला लावू नये, आणि पात्याला खाच पडलेली दिसली तर ती त्या दिवसापासून वापरणे बंद करावे. झाकण किंवा पेला नीट बसला नसेल तर मोटर सुरूच होत नाही, अशी सोय असलेलीच बाटली निवडावी. पिशवीत बटण दाबले जाऊन यंत्र सुरू होणे ही काल्पनिक भीती नाही.

प्रश्न : मुलीने न्यू जर्सीहून तिचा ब्लेंडर आणला आहे. पिन बदलून तो येथे चालेल का? (नागपूर)

नुसती पिन बदलून तो लावू नये. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असते आणि आपल्याकडे २३० व्होल्टची. जवळजवळ दुप्पट दाब मिळाल्यावर मोटर मर्यादेपलीकडे वेगाने फिरेल आणि काही क्षणांत वाइंडिंग जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घेता येतो, पण तो ब्लेंडरच्या वॅटहून बराच जास्त क्षमतेचा लागतो, कारण मोटर सुरू होताना ती जादा प्रवाह ओढते. ९०० वॅटच्या ब्लेंडरसाठी दीड-दोन किलोवॅटचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. तो ओट्यावर ब्लेंडरपेक्षा जास्त जागा अडवेल, आणि त्याच्या किमतीत येथे चांगला ब्लेंडर मिळेल. प्रवासात दाढीच्या यंत्रासाठी वापरतात तो छोटा कन्व्हर्टर या कामाचा नाही. उलट, येथला मिक्सर तिकडे नेल्यास तो जळणार नाही, पण इतका मंद फिरेल की केळेही धड वाटले जाणार नाही. मुलीचा ब्लेंडर चार्जिंगचा असून त्याच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर मात्र काहीच अडचण नाही.

प्रश्न : भांडे काचेचे, प्लॅस्टिकचे की स्टीलचे घ्यावे? (रत्नागिरी)

रोज एका पेल्यासाठी चांगले प्लॅस्टिक सोयीचे आहे. ट्रायटन या नावाचे प्लॅस्टिक बीपीएमुक्त असते, जुन्या पॉलिकार्बोनेटमध्ये बीपीए हे आरोग्याला अपायकारक मानले जाणारे रसायन असते. तळाच्या त्रिकोणातील ७ हा आकडा दोन्हींवर आढळतो, त्यामुळे त्या आकड्यावरून निर्णय करू नये, माहितीपत्रकात प्लॅस्टिकचे नाव पाहावे. काच वास धरत नाही, परंतु ती जड असते आणि सकाळच्या घाईत ओल्या हातातून निसटते. स्टील टिकाऊ खरे, पण आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि स्मूदीत ते दिसायला हवे.

प्रश्न : अननस आणि दुधाची स्मूदी दर वेळी कडू होते. ब्लेंडरमुळे असे होते का? आणि सीताफळाच्या बिया ब्लेंडरमध्ये वेगळ्या होतील का? (सासवड)

कडूपणात ब्लेंडरचा दोष नाही. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचे विकर असते. ते दुधातील प्रथिनांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांना कडवट चव असते. ब्लेंडर फार तर ही क्रिया लवकर घडवतो, कारण तो दोन्ही पदार्थ पूर्ण मिसळून टाकतो. किवीतही अशाच प्रकारचे विकर आहे. उष्णतेने ते निष्प्रभ होते, म्हणून अननसाचे तुकडे थोड्या पाण्यात काही मिनिटे शिजवून, गार करून घालावेत किंवा डबाबंद अननस वापरावा. दुधाऐवजी नारळाचे दूध घेतले तरी प्रश्न बराचसा सुटतो.

सीताफळाच्या बाबतीत आपल्याला अधिक सावध करणे भाग आहे. त्याच्या बिया विषारी असतात. उवा मारण्यासाठी त्यांची पूड वापरण्याची जुनी पद्धत आहे आणि ती पूड डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते. ब्लेंडरची पाती बी वेगळी करत नाहीत, फोडतात. म्हणून गर मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर हाताने घासून काढावा, एकही बी राहिली नाही हे पाहावे आणि मगच तो थंड दुधात घालून पाच-सात सेकंद फिरवावा. त्याहून जास्त फिरवल्यास सीताफळाचा रवाळपणा जातो, आणि तो गेल्यावर राहिले काय!

पेरूच्या बिया निरुपद्रवी आहेत, पण छोट्या ब्लेंडरमध्ये त्या अर्धवट फुटून दाताखाली येतात, तेव्हा पेरूची स्मूदी गाळूनच प्यावी. जवस मात्र स्मूदीत अख्खे घालू नये. ते पात्यांतून निसटून तसेच पोटात जाते. आठवड्यापुरते चटणीच्या भांड्यात कोरडे दळून फ्रीजमध्ये ठेवावे.

प्रश्न : थंडीत नाचणीची गरम पेज केळे घालून याच पेल्यात फिरवली तर चालेल का? (सातारा)

बंद पेल्याच्या, उलटा करून बसवायच्या ब्लेंडरमध्ये गरम पदार्थ कधीही घालू नये. आतल्या वाफेला बाहेर जायला वाट नसते, आणि पेला उघडताना गरम पेज हातातोंडावर उडते. पेज कोमट होऊ द्यावी, किंवा ती पातेल्यातच ठेवून हँड ब्लेंडरने घुसळावी.

प्रश्न : सकाळी सहाला सगळे झोपलेले असतात. कमी आवाजाचा ब्लेंडर मिळतो का? (ठाणे)

या यंत्रांतील कार्बन ब्रशची मोटर जात्याच मोठा आवाज करते, त्यामुळे ‘शांत’ अशा जाहिरातीवर फार विसंबू नये. बरेच जण खाली घडी केलेला टॉवेल ठेवतात, ते धोक्याचे आहे, कारण मोटर थंड करणारी हवा तळाच्या फटींतून आत जाते आणि त्या फटी कापडाने बंद होतात. पातळ रबरी चटई ठेवावी आणि यंत्र भिंतीपासून वीतभर दूर, हलणाऱ्या ट्रॉलीऐवजी दगडी ओट्यावर ठेवावे. ओट्स, बदाम आणि बिया काढलेले खजूर रात्रीच भिजवले, तर एका मिनिटाचे काम वीस सेकंदांत होते. झोपलेल्यांच्या दृष्टीने हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

प्रश्न : वर्षभरातच पेल्याच्या खालून दूध गळू लागले आणि आंबूस वास येतो. दुसरा ब्लेंडर घेताना काय पाहावे? (कोल्हापूर)

हा दोष बहुधा मोटरीचा नसून पात्यांच्या चकतीतील रबरी वायसरचा असतो. वायसर काढून धुतला नाही, तर त्याच्या खाचेत दूध व फळाचा अंश साचतो, तो आंबतो, रबर फुगते आणि मग गळती सुरू होते. वापर झाल्याबरोबर पेल्यात कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून पंधरा-वीस सेकंद फिरवावे, आणि आठवड्यातून एकदा वायसर सुरीच्या बोथट टोकाने सोडवून वेगळा धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा. पात्यांची चकती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नये. तिच्या मधल्या बुशात, म्हणजे पात्यांचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीत, पाणी शिरते, तो गंजतो आणि दूध खाली झिरपून मोटरीत जाते.

सध्याचे यंत्र टाकून देण्यापूर्वी नवा वायसर बसवून पाहावा. तरीही गळत असेल, तर पात्यांची संपूर्ण चकती बदलावी. नवे यंत्र घ्यायचेच झाले, तर आयएसआय खूण पाहावी. घरगुती मिक्सर व ग्राइंडरसाठी आय. एस. ४२५० हे भारतीय मानक आहे. त्यानंतर पैसे देण्याआधी दुकानदाराला वायसर, पात्यांची चकती आणि कपलर (मोटरीची फिरकी पात्यांना जोडणारा भाग) हे तीन भाग सुटे मिळतात का, कोठे मिळतात आणि त्यांची किंमत काय, हे स्पष्ट विचारावे. तो “कंपनीला फोन करावा लागेल” एवढेच म्हणाला, तर शेजारच्या खोक्याकडे वळावे.