हुमणीसाठी सोडलेले सूत्रकृमी जमिनीत किती दिवस जगतात? त्यांचं जीवनचक्र कसं असतं?

आमच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, हुमणी या मुळ्या खाणाऱ्या अळीवर हे कृमी मी दोनदा सोडलेत, म्हणून लिहितो.

पहिल्या वर्षी चुलतभावाने आणि मी एकाच दिवशी, एकाच लॉटची पाकिटं आणली. त्याने भर दुपारी कोरड्या सरीत पंपाने पानांवर फवारली. मी पाणी दिलेल्या सरीत, दिवस मावळल्यावर, बुडाशी आळवणी केली. त्याचा ऊस पिवळा पडला, ओढला की हातात यायचा. आजही तो चार माणसांत सांगतो, ते औषध म्हणजे पाण्यात पैसे. अहो, ते औषध नाही, जिवंत प्राणी आहे! जेमतेम अर्धा मिलिमीटर. उन्हात सुकला की संपला.

आठ दिवसांनी मी एक बुडखा उकरला. एरवी पांढरीफटक असणारी हुमणी विटकरी लाल झालेली, लिबलिबीत, पण कुजका वास अजिबात नाही. घरी ताटलीत पाणी घेतलं, मधे बशी पालथी घातली, तिच्यावर ओला टिपकागद आणि त्यावर ती अळी. बाराव्या दिवशी पाणी गढूळ दिसायला लागलं. भिंगातून पाहिलं तर सगळं वळवळत होतं.

जमिनीत फिरणारं पिल्लू काही खात नाही, अंगातल्या चरबीवर जगतं. किडीच्या तोंडातून, गुदद्वारातून, श्वासछिद्रातून आत शिरतं. हेटरोऱ्हॅब्डायटिस या प्रकारच्या सूत्रकृमीला तर पातळ कातडी फाडायला दातही असतो. आत गेलं की पोटातले जिवाणू ओकतं. कीड मरते ती या जिवाणूंमुळे, आणि कृमी तेच जिवाणू खाऊन वाढतो. या प्रकाराच्या पहिल्या पिढीत नर-मादी एकाच अंगात, त्यामुळे एकटा शिरला तरी वंश चालतो. दोन-तीन पिढ्यांत आतलं अन्न संपतं आणि हजारो पिल्लं बाहेर पडतात, पुढची अळी शोधायला. हे काही परदेशी खूळ नाही. हेटरोऱ्हॅब्डायटिसची इंडिका ही जात १९९२ साली नोंदली गेली ती कोइमतूरच्या उसातल्या किडीवरून.

किती दिवस जगतात ते ओलीवर आहे. वाफसा टिकला तर टिकतात.

टोमॅटो-डाळिंबाच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी वेगळे, घाबरू नका. आणि हो, पूर्ण वाढलेली हुमणी यांना सहज दाद देत नाही, अळी लहान असतानाच सोडा. वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवरचे भुंगेरे (यांच्याच अंड्यांतून हुमणी निघते) गोळा करणंही चुकत नाही.

यंदा भावाचा खोडवा माझ्या बांधाला लागून आहे. पाणी त्याने द्यायचं, संध्याकाळी पंप घेऊन त्याच्या सरीत मीच उतरणार आहे.