जार्डिनच्या क्रिकेट टीमच्या सह्यांच्या पानावर गांधीजींची सही कशी काय?

अहो, गांधीजी एमसीसीकडून (म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडच्या टीमकडून) खेळले नव्हते, घाबरू नका! १९३३-३४ ला इंग्लंडचा कॅप्टन डग्लस जार्डिन याची ही टीम भारतात आलेली, पहिली टेस्ट बॉम्बे जिमखान्यावर झाली आणि त्यातच आपला बॅट्समन विजय मर्चंटचा डेब्यू. त्याच्या बहिणीकडे सह्यांची वही होती, तिच्यात एका पानावर या टीमच्या १६ सह्या. पुढे ती गांधीजींकडे सही मागायला गेली, तर त्यांनी वही चाळली आणि नेमकं तेच पान काढून खाली १७ वी सही ठोकली, झालं. म्हणजे पान खरं, सहीसुद्धा खरी, पण १६ जण आणि गांधीजी एकत्र बसले होते असा अर्थ काढायला गेलात की फसलात. बाय द वे, हा जार्डिन जन्माने मुंबईकरच, मलबार हिलचा!