वीस मिनिटांचे जलरंग

प्रश्न : मूल झाल्यापासून ब्रश हाती धरला नव्हता. आता रोज वीस मिनिटं मिळतात. पण जलरंगात कागद फुगतो आणि रंग मळकट होतात. हात गेला का माझा?

उत्तर : हात नाही, कागद बघा. साध्या वहीचा कागद ७०-८० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम); पाणी लागलं की लाटा येणारच. ३०० जीएसएमचा घ्या, १० बाय १५ सेंटिमीटरचे तुकडे कापा आणि चारही कडा मास्किंग टेपने पुठ्ठ्यावर चिकटवा. टेप कागद पूर्ण सुकल्यावरच काढा, तीही तिरकी ओढून. घाई केलीत तर कागदाचा पापुद्रा निघतो.

मळकटपणा बहुधा ओल्या थरावर दुसरा रंग चढवल्याने येतो. कागदाला बोटांची मागची बाजू लावा. गार लागला तर आत ओल आहे, थांबा. एका वेळी दोनच रंग मिसळा. पाण्याची भांडी दोन ठेवा : एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचं.

आज एकच थर द्या, दुसरा उद्या. मध्येच मुलाने हाक मारली तर बरंच, तेवढ्यात थर वाळतो! फक्त उठताना ब्रश पाण्यात उभा सोडू नका, टोक वाकतं.