मुद्दाम जुनी दिसेल अशी बनवलेली ‘रेलिक’ फिनिशची गिटार घ्यावी का? बँडमधले म्हणतात, ती खोटी वाटते.

वाशीत तुम्हाला एक सेकंडहँड रेलिक टेलिकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) आवडली आहे आणि बँडमधले नाकं मुरडतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी ठाण्यात गिटारचे सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक जुळवणं) आणि रंगकाम करतो, त्यामुळे हा वाद माझ्या कानावर सतत पडतो. बॉडी कशी दिसावी हे तुमच्या डोळ्यांनी ठरवा. नेकचं, म्हणजे डावा हात फिरतो त्या दांड्याचं, मात्र आपल्याकडची हवा ठरवते.

‘खोटी’ हा आरोप फेंडरच्या कस्टम शॉपने (खास गिटार बनवणाऱ्या विभागाने) 1995 साली नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात अशा गिटार मांडल्या तेव्हापासूनचा आहे. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरच्या 1961 च्या स्ट्रॅटचा (फेंडरच्याच स्ट्रॅटोकास्टरचा) सनबर्स्ट, म्हणजे कडेला गडद आणि मधे फिका होत जाणारा रंग, घामाने आणि वर्षानुवर्षं वाजवून जवळजवळ पूर्ण उडाला होता. फेंडरने पुढे तिचीही हुबेहूब प्रतिकृती विकायला काढली. न कमावलेल्या खुणा अंगावर कशाला मिरवायच्या, असं म्हणणाऱ्यांचा राग मला कळतो, पण पटत नाही. इलेक्ट्रिक गिटार नटण्यात कधीच मागे नव्हती. 1968 मध्ये फेंडरने टेलिकास्टरच्याच एका मॉडेलवर गुलाबी कोयऱ्यांचा चिकटणारा कागद लावून वरून पारदर्शक थर दिला होता, आणि तसली गिटार जेम्स बर्टनने एल्व्हिस प्रेस्लीच्या साथीला वाजवली. त्यापुढे चार ओरखडे काय!

माझा आक्षेप आळशी कामाला आहे. खरी झीज येते ती उजवा हात टेकतो त्या वरच्या कडेला, मागे पट्ट्याचं बकल घासतं तिथे आणि पिकचे फटके बसतात तिथे. लॅकर (वरचा चकचकीत थर) हळूहळू पातळ होतं, म्हणून रंग, खालचं अस्तर आणि लाकूड हे थर एकमेकांत विरत गेलेले दिसतात. आळशी रेलिकवर सगळ्या रेघा एकाच दिशेच्या असतात, आणि जिथे हात कधी पोचणारच नाही तिथेही लाकूड उघडं असतं. उडालेल्या रंगाच्या कडेवरून नख फिरवून बघा. ठसठशीत पायरी लागली तर बहुधा जाड पॉलीवर (प्लास्टिकसारख्या कडक थरावर) सँडपेपर चालवलाय. असं काम असेल तर रेलिकचे म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका.

आता नेक. मेपल लाकडाचा फ्रेटबोर्ड (नेकवरची बोटं टेकायची पट्टी) असेल आणि तोही खरवडलेला असेल, तर सावध व्हा. उघडं मेपल ओलावा पितं, घाम आणि मळ मुरून राखाडी पडतं. कोपरखैरण्याहून अशी एक गिटार माझ्याकडे आली होती, मधल्या फ्रेट्समधलं लाकूड पार काळवंडलेलं. पावसात लावलेला सेटअप ऑक्टोबरच्या उन्हात बिघडायचा, मग पुन्हा ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक जुळवणारी आतली सळई, फिरवायची. विकणाऱ्याला विचारून उघड्या जागी ओलं बोट हलकेच टेकवा. डाग लगेच गडद झाला तर लाकूड बंद केलेलं नाही. त्यावर टंग ऑइलचे (लाकडावर वाळून थर धरणाऱ्या तेलाचे) पातळ हात कापडाने चोळून देता येतात. नायट्रोचा (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा) फवारा मारायचा असेल आणि पावसाळा असेल, तर दिवाळीपर्यंत थांबा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लॅकरवर पांढुरकी झाक येते. फर्निचरला पीयू-मेलामाइन पॉलिश करणारे सुतारही पावसात दमट हवेमुळे जपून काम करतात. रोझवूडचा फ्रेटबोर्ड असेल तर ही चिंता फारशी नाही, तो एरवीही बिनलॅकरचाच असतो. नेकची मागची बाजू तेवढी बघा.

नेक ठीक असेल आणि गिटार उचलल्यावर खाली ठेववत नसेल, तर घेऊन टाका. बँडमधल्यांना ती ऐकायचीय.

आणि बॉडी नायट्रोची निघाली तर रबरी स्टँडवर तशीच ठेवू नका. काही रबरांनी लॅकर मऊ पडून कायमचे डाग राहतात. स्टँडला जुन्या सुती धोतराची पट्टी गुंडाळा, ती मळली की बदला.