फ्राईज लिबलिबीत का झाल्या?

प्रश्न: मी साताऱ्याची, सध्या मुलीकडे अमेरिकेत एडिसनला आलेय. रविवारी जावई फिलाडेल्फियाला चीजस्टेक (लांबट पावात भरलेलं बीफ आणि चीज) खायला घेऊन गेले. तासभर रांग, आणि खिडकीपाशी मी नुसतं "यात काय काय असतं?" विचारलं तर आतल्याने सरळ मागच्या माणसाची ऑर्डर घेतली. वैतागून पार्सल आणलं, तर घरी येईस्तोवर पाव ओलाकिच्च, फ्राईज लिबलिबीत. एवढं काय कौतुक आहे याचं?

उत्तर: काकू, निम्मा दोष त्या पार्सलचा आहे. गरम फ्राईज डब्यात घालून झाकण दाबलं की वाफ आतच कोंडते आणि परत बटाट्यावरच बसते, गरम भजी स्टीलच्या डब्यात भरल्यावर होतं ना अगदी तेच, आणि तुम्ही तर तास-सव्वा तास गाडीत होतात. न्यायच्याच असतील तर कागदी पिशवीत, तोंड उघडं ठेवून. घरी मायक्रोवेव्ह नको, कोरडा तवा तापवा आणि झाकण न ठेवता परता, बऱ्यापैकी जिवंत होतात.

पण हा पदार्थ खरा तिथेच उभ्याने खायचा. रिबआयचं, म्हणजे बरगडीकडचं, बीफ अर्धवट गोठवून पातळ कापतात म्हणून ते तव्यावर पटकन होतं, वर उलथन्याची खटखट चालू असते, डोळे मिटलेत तर आपल्या भुर्जीच्या गाडीवरच आलोय असं वाटेल. मग लांबट पावात भरतात, रस आणि चीज पावात मुरतं, पाच मिनिटं छान लागतं, तासाभराने त्याचाच चिखल. खाताना पाय मागे घेऊन पुढे वाकायचं, म्हणजे ओघळ साडीवर न पडता कागदावर पडतो, तिथले लोक याला 'फिली लीन' म्हणतात, फिली म्हणजे फिलाडेल्फिया! बीफ चालत नसेल तर चिकनचंही मिळतं, फक्त तवा वेगळा आहे का ते विचारून घ्या.

आता खिडकीचं. तिथे चर्चा नसते हो, चीज कोणतं आणि कांदा हवा का, एवढंच. 'व्हिझ विट' म्हणजे चीज व्हिझ (बाटलीतलं पातळ पिवळं चीज), कांद्यासकट. 'विट' म्हणजे 'विथ', हा दक्षिण फिलीचा उच्चार. २००३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात जॉन केरी या नेत्यांनी तिथे स्विस चीज मागितलं होतं तर त्यांचीही चिकार टिंगल झाली, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गंमत म्हणजे १९३० साली पॅट ऑलिव्हिएरी हे हॉटडॉगवाले पावात मांस-कांदा घालून विकायला लागले तेव्हा त्यात चीज नव्हतंच, ते नंतर आलं, आणि व्हिझ तर १९५० नंतरचं. त्यांच्या 'पॅट्स' या दुकानासमोरच १९६६ पासून 'जिनोज' हे दुसरं दुकान आहे, कोणाचं भारी यावर तिथली माणसं हमरीतुमरीवर येतात. माझं मत विचाराल तर प्रोव्होलोन चीज, कांदा भरपूर, व्हिझ मला खारट लागतं.

आणि जावयांच्या गाडीत बसून खाऊ नका बरं, माझ्या गाडीच्या सीटवरचा पिवळा डाग मी दोनदा धुऊन पाहिलाय, गेला नाही.